चाबक्याच्या वळणावर

९ जुलै, मंगळवार

पोचले एकदाची. ऐन हिवाळा, नाक गारठून लाल झालंय आणि मर्वच्या खटारा गाडीत बसून कंबरेचा पार भुगा झालाय. वाटलं होतं, स्टेशनवर कोरल स्वतः येईल. आला तिचा शेजारी मर्व. म्हणे कोरलने गाडी त्यालाच देऊन टाकली. "तिला आता चालवायचा कंटाळा येतो," एवढंच बोलला आणि पुढे वाटभर नुसती शिट्टी. फाटकाशी माझी बॅग उतरवताना म्हणाला, "आलीस ते बरं झालं गं नोएलीन. घरात दोन डोळे जास्त असलेले बरे." मी तीस वर्षं सिडनीत बस चालवलेली बाई, माझ्या नजरेची कुणी तारीफ केली की मला आवडतंच. म्हटलं, "तू नको काळजी करूस. मी आहे ना आता."

का आले ते लिहून ठेवते, म्हणजे माझं मलाच विसरायला नको. माझी जुनी मैत्रीण कोरल, तिची लेक टॅम्सिन ब्रिस्बेनला असते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "नोल मावशी, आईने हात भाजून घेतला, आणि ते मला मर्वकडून कळतंय. मी काही विचारलं की ती फोन आपटते. तू आठवडाभर जाऊन राहा. डोळ्यांत तेल घालून बघ आणि मला खरं सांग, ती तिथे एकटी राहू शकते का? तू हो म्हणालीस तर मी पुन्हा कधी विषय काढणार नाही. नाही म्हणालीस तर घर विकून तिला इकडे आणते." मी सांगितलं, पुढच्या बुधवारी निघायच्या आधी फोन करीन. म्हणजे कोरलच्या गेलेल्या नवऱ्याने, डेसने स्वतःच्या हातांनी बांधलेलं हे घर, कोरलचा पुढे आलेला व्हरांडा, मागचं जंगल, सगळं माझ्या एका शब्दावर आलं. असली कामं माझ्याच गळ्यात का पडतात कोण जाणे.

कोरल व्हरांड्यात उभीच होती. "आली का टॅम्सिनची हेर?" म्हणाली आणि मला घट्ट मिठी मारली. तिच्या स्वेटरला धुराचा आणि निलगिरीच्या पाल्याचा वास येत होता. मग मला हातभर लांब धरून, मान वाकडी करून बघितलं. "अशीच्या अशीच आहेस गं तू!"

अशीच्या अशीच! जन्मात पहिल्यांदा केस कानाच्या वर कापून घेतलेत, वर तांबडा रंग लावलाय. आमच्या इमारतीतला पोस्टमनसुद्धा थबकला होता. आणि ही म्हणते अशीच्या अशीच. जाऊ दे, मी काही बोलणार नाही.

१० जुलै, बुधवार

बोलले नाही. तीही बोलली नाही. सकाळपासून तीन वेळा तिच्यासमोर मान झटकली, काही उपयोग नाही.

घर बदललंय. पूर्वी कोरलच्या घरात चमचा वाकडा पडला तरी तिला झोप येत नसे. आता छताच्या कोपऱ्यांत जाळी लोंबतायत, खिडक्यांवर धूळ, आणि बाई आपली रेडिओ ऐकत खुशाल बसलेली. मला मनापासून बरं वाटलं. उतारवयात माणसाने थोडं सैल व्हावं.

पण वस्तूंच्या बाबतीत मात्र कडक झालीय. मी शेगडीजवळचं स्टूल खिडकीशी ओढलं, तर येता-जाता त्याला धडकली आणि माझ्यावरच खेकसली. "माझ्या घरात जे जिथे आहे ते तिथेच राहू दे, नोल!" स्टूलच ते, सिंहासन नव्हे. मीही दोन शब्द सुनावले. मग दोघी फुगून बसलो. मग तिने चहा केला. ओतताना बोट कपाच्या काठाला आत धरते. घाणेरडी सवय. टॅम्सिनला सांगण्यासारखी नाही, पण लिहून ठेवली.

पत्र्यावर रात्रभर मांजराएवढा पॉसम नाचत होता, झोप झाली नाही. आता दुपारी शेगडीजवळ बसल्यावर डोळे मिटतायत. बाहेर झाडं धुक्यात उभी आहेत आणि सालींच्या लांब चिंध्या हलतायत. कुठल्या झाडाची कुठली, ते कळत नाही.

१२ जुलै, शुक्रवार

काल लख्ख ऊन होतं. मी बूट घालून तयार. कोरल म्हणाली, "उन्हात कोण चालतं?" जुलै महिन्यात! बोटं कडक झालीयत थंडीने आणि ही उन्हाला घाबरते. दिवसभर मी तिला पेपर वाचून दाखवला. म्हणते, तुझा आवाज रेडिओवरच्या बाईसारखा आहे. हे मला आधी कुणी का सांगितलं नाही?

आज धुकं इतकं, की फाटक दिसत नव्हतं. आणि आज बाईसाहेब उठल्या उठल्या म्हणतात, "चल, झऱ्यावर चहा करू."

मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू. शहरात मला कुठेही सोडा, मी वाट काढीन. इथे दहा पावलांवर घर असलं तरी मला पत्ता लागत नाही. पण कोरल! पुढे चालली ती अशी, जणू स्वयंपाकघरातून न्हाणीघरात चाललीय. हात बाजूला जरासे पसरलेले, एखाद्या झाडाला हात लावला की त्याचं नाव घ्यायची. "हा खरबरीत म्हातारा. आता उतार. आता ही गुळगुळीत. इथे पाय उचल, मूळ आहे." मी तिच्या पाठपिशवीकडे बघत चालत होते. बाकी सगळं दूध. वरून थेंब पडायचे, मध्येच वॉटलच्या पिवळ्या फुलांचा वास यायचा, पण झाड दिसायचं नाही. किती वेळ चाललो सांगता येणार नाही. आपण झोपेत आहोत आणि कुणीतरी हाताला धरून नेतंय, आणि कुठे ते विचारायची गरज नाही, असं काहीसं वाटत होतं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग डावीकडून एक लांबलचक शीळ आली आणि तिच्या टोकाला फाटकन चाबूक वाजला. लगेच पलीकडच्या झुडपातून दुसरा आवाज, च्यू-च्यू.

"चाबक्या पक्षी," कोरल म्हणाली. "नर फटकारा मारतो, मादी तिकडून उत्तर देते. जन्मभर ही जोडी आपली घळ सोडत नाही. ते ओरडले की डावीकडे वळायचं, खाली झरा. डेस नि माझ्यासारखंच. तो गरजायचा, मी लगेच प्रत्युत्तर."

"तू आधी गरजायचीस," मी म्हटलं.

"तू बस चालव तुझी," ती म्हणाली.

वळलो, एक आडवा पडलेला बुंधा ओलांडला आणि खरोखरच खाली झरा. झाडाएवढे नेचे, काळं पाणी. काळ्या डब्यात चहा उकळला, त्यात निलगिरीचं एक पान. परत येताना कूकाबरा पक्ष्याचं हसणं, मग पोपटांची किलबिल, मग करवतीचा आवाज, सगळं एकापाठोपाठ ऐकू आलं. मी म्हटलं, "एवढे पक्षी?" कोरल हसायला लागली. "एकच आहे. नकल्या. हिवाळ्यात बायको शोधतो ना, म्हणून सगळ्या जंगलाचे आवाज एकटाच काढतो. तुमच्याकडच्या पुरुषांसारखाच."

१३ जुलै, शनिवार

टॅम्सिनचा फोन. कोरल कोंबड्यांना दाणे टाकायला गेली होती, तेवढ्यात बोलून घेतलं. मी सांगितलं, तुझी आई ठणठणीत आहे. माझ्यापेक्षा चांगली चालते. काल धुक्यात मला घेऊन गेली आणि बोट धरून परत घेऊन आली.

"मग हात कसा भाजला मावशी?"

"अगं, माझा नाही का भाजत? बायकांचे हात भाजतातच."

ती म्हणाली, "पक्कं सांगतेस ना? मी तुझ्या शब्दावर जाणार आहे." मी म्हटलं, बुधवारी पक्कं सांगते. पण माझं ठरलंय. हो म्हणणार.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिते, कारण ही वही माझी आहे. कोरल ब्रिस्बेनला गेली तर मी कुठे जाऊ? माझ्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरची भिंत दिसते. वर्षातून दोनदा इथे येते त्यावर माझं बाकीचं वर्ष निघतं. म्हणजे हो म्हणण्यात माझाही स्वार्थ आहे. पण स्वार्थ असला म्हणून काही खोटं होत नाही. बाई धडधाकट आहे हे मी डोळ्यांनी बघितलंय.

केसांबद्दल अजून अवाक्षर नाही.

१५ जुलै, सोमवार

अक्षर कसंही येतंय, येऊ दे.

सकाळी पुन्हा दाट धुकं. कोरल खुशीत होती. "चल, परत झऱ्यावर. बुधवारी तू जाणार, मग कोण येतंय माझ्याबरोबर." निघालो. परवासारखंच सगळं, ती पुढे, मी मागे. मी तर गुणगुणत होते.

डावीकडे शीळ झाली, चाबूक वाजला, आणि च्यू-च्यू. "आलं वळण," म्हणून कोरल वळली. मला वाटलं, जरा लवकर आलं की काय. परवा तो आडवा बुंधा ओलांडला होता, तो कुठे गेला? पण बोलले नाही. जंगलात मी कुणाला वाट शिकवणार?

पुढे नेचे लागेनात. पायाखाली खडक, आजूबाजूला गुडघाभर काटेरी झुडपं. वारा खालून वर येत होता, हे मला विचित्र वाटलं. धुकं आतून उजळायला लागलं, पांढऱ्याचं पिवळसर झालं. आणि कुणी पडदा सारावा तसं ते एका बाजूला सरकलं.

अख्खी दरी समोर. तळात ढग साचलेले, त्यांतून झाडांचे शेंडे वर आलेले, पलीकडे नारिंगी कडे, सगळ्यावर ऊन. मी आयुष्यात एवढं सुंदर काही बघितलं नाही. माझ्या तोंडून "अहाहा" निघालं.

आणि मग कोरल दिसली. माझ्या पुढे, अगदी कडेच्या दगडावर. ऊन सरळ तिच्या तोंडावर, डोळे सताड उघडे, समोर एवढी दरी, आणि ती एक बूट पुढे करून चाचपत होती, अंधारात जिन्याची पायरी चाचपतात तशी.

"चल ना गं," ती म्हणाली. "पाण्याचा आवाज कसा येत नाहीये? इथेच आहे झरा."

मी तिच्या पाठपिशवीवर झडप घातली. दोघी मागे आदळलो. ती भडकली. "वेड लागलं का तुला?"

"कोरल, पुढे नाहीये."

"काय नाहीये?"

"जमीन नाहीये गं पुढे."

ती उठली नाही. बसल्या बसल्या हाताने खडक चाचपला, एक धोंडा उचलला आणि समोर फेकला. आम्ही दोघी वाट बघत राहिलो. आवाज आलाच नाही.

मागच्या झुडपातून पुन्हा शीळ, फटकारा, च्यू-च्यू. आणि त्याच झुडपातून लगेच कूकाबराचं हसणं.

"नकल्या," कोरल हळूच म्हणाली. "नर नि मादी एकाच ठिकाणाहून बोलत होते. मला कळायला हवं होतं, नोल. एवढं तरी मला कळायलाच हवं होतं."

येताना मी पुढे होते. चिखलात आमच्याच बुटांचे ठसे बघत बघत आले, तिचा हात माझ्या खांद्यावर. काखेत कळसा नि गावाला वळसा. चहाच्या कपातलं बोट, ते स्टूल, पेपर, जाळी, गाडी, माझे केस. मर्वसुद्धा सांगून गेला होता. आणि मी म्हणे नजरेची बाई!

१६ जुलै, मंगळवार

आज बोललो. म्हणजे मी भांडले, ती बोलली.

नजर जायला लागून दोन वर्षं झाली. गावातल्या डॉक्टरने सांगितलं होतं की यावर औषध नाही. मधलं सगळं गेलं, कडेकडेचं धुरकट उरलंय. उन्हात नुसता पांढरा भगभगाट. "धुक्यात मात्र मी सगळ्यांसारखीच," ती म्हणाली. "धुक्यात मला फार बरं वाटतं."

"माझं तोंड कधी दिसलं तुला शेवटचं?"

"गेल्या नाताळच्या आदल्या नाताळात. तू लाल टोपी घातली होतीस. भयंकर दिसत होतीस."

मी रडले. मग रागावले. एवढ्या वर्षांची मैत्री नि मला सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू टॅम्सिनला सांगितलं असतंस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून ठरवलं, आठवडाभर तुला धुक्यातून फिरवायची, हो म्हणवून घ्यायचं आणि पाठवून द्यायची. जमलंही होतं."

जमलं होतंच. परवा मी हो म्हणूनही टाकलं होतं जवळजवळ.

मी सगळा दिवस विचार केला. कोंबड्यांत फिरत विचार केला, भांडी घासत केला. मग तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "मी काही सांगत नाही टॅम्सिनला. तू जंगलात जाऊ नकोस म्हणजे झालं. घर तर तुला पाठ आहे. मर्व आहे. मी महिन्याला येत जाईन. नाहीतर मी इथेच येऊन राहते. माझं तिकडे काय आहे? एक भिंत."

कोरल हसली. "तू? आठवड्यात तू ते स्टूल तीनदा हलवलंस. महिन्याभरात माझी नडगी मोडेल."

"थट्टा नको करू."

"थट्टा नाही करत." तिने माझा हात शोधला आणि धरला. "जंगलात न जाता या घरात बसायचं, तर ब्रिस्बेन काय वाईट? आणि ऐक. मी एकटीच दरीत पडले असते ना काल, तर मला काही वाटलं नसतं. खरंच नाही. ही दरी डेसची होती, माझीही आहे. पण तू मागून येत होतीस. गाणं म्हणत. माझी मान मी धोक्यात घालीन, नोल. तुझी नाही. तू सांग तिला."

"मी नाही सांगणार."

"बुधवारी फोन करीन म्हणालीयस ना? मग कर."

संध्याकाळी ती व्हरांड्यात बसून होती, रेडिओ बंद. एक वॉलबी, छोट्या कांगारूसारखी, गवतात चरत तिच्या पायांशी आली. मी दारातून बघत होते. कोरलने हालचाल केली नाही, फक्त म्हणाली, "आली का?" वॉलबीने कान हलवले आणि चरत राहिली. दरीतून धुकं वर चढत होतं. आधी कुंपण गेलं, मग कोंबड्यांचं खुराडं, मग गवत.

मला तिचा राग आला. एवढी शहाणी कशाला व्हायचं? मी खोटं बोलायला तयार होते. आयुष्यात पहिल्यांदा तोंडात तीळ भिजवायला तयार होते, आणि ही नको म्हणते.

१७ जुलै, बुधवार

गाडी चुकवली, म्हणजे मुद्दाम. शनिवारपर्यंत थांबतेय. मर्व म्हणाला, तोपर्यंत छताची जाळी तरी काढू, नाहीतर घर बघायला येणाऱ्याला भुताचा बंगला वाटेल. त्याला कोरलने कोंबड्या देऊ केल्या. तो हो म्हणाला आणि शिट्टी न वाजवता गेला.

फोन लावताना कोरल माझ्या शेजारी स्टुलावर बसली होती. स्टूल तिने स्वतः ओढून आणलं. मी काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं. आधी तब्येतीचं, मग हळूहळू डोळ्यांचं. पलीकडून टॅम्सिन म्हणाली, "बोल मावशी. राहू शकते का आई तिथे एकटी?"

आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तीस वर्षं पिसाळलेल्या पोरांच्या अंगावर ओरडलेला माझा आवाज, कुठे गेला कोण जाणे. खिडकीबाहेर धुकं निवळत होतं. परसातली वॉटल आज पूर्ण फुललीय, पिवळीधमक, आणि कोरलचं तोंड बरोबर तिच्याकडे होतं. टॅम्सिन विचारत होती, "मावशी? मावशी, ऐकू येतंय ना?" मी मान हलवत राहिले. फोनवर मान हलवणारी मीच.

कोरलने अंदाजाने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"टॅम्सिन, मी आई बोलतेय. काही झालं नाही, घाबरू नकोस. नोल रडतेय इथे माझ्याजवळ बसून." तिने माझा खांदा शोधून हात ठेवला. "मला दिसत नाहीये गं ती रडताना. नुसती ऐकू येतेय. ये मला न्यायला."